पाच कॅथरीन आणि एक कोंबडीचे हाड

१

हाड कोंबडीचे होते.

धर्मप्रांताच्या कार्यालयाने पाठवलेल्या वृद्ध डॉक्टरांनी ते चिमट्यात धरून खिडकीशी नेले, उलटसुलट केले आणि पुन्हा ताटलीत, लाल रेशमाच्या चौकोनी तुकड्यावर ठेवले. तीस वर्षे त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात हाडे शिकवली होती. त्यांच्या आवाजात शंकेला जागा नव्हती.

"पंखाचं आहे. शिजवलेलं. कुणीतरी चोखूनही पाहिलं असावं."

वस्त्रघरातले सगळे ताटलीकडे वाकले. चर्चच्या वेदीमागची ही खोली. पुरोहिताचे झगे, वेदीची कापडे, मेणबत्त्या आणि भिंतीतले काचेचे कपाट यांनी भरलेली. कपाटाला पाच खण, खणांत पाच एकसारख्या चांदीच्या बंद पेट्या. प्रत्येक पेटीत एका संतिणीचे एकेक अस्थिशकल. लोक रांगेने येत, पेटीच्या झाकणाला ओठ टेकवत, डोळे पुसत जात. आज उघडलेली मधल्या खणातली पेटी तर एप्रिलमध्ये, तिच्या संतिणीच्या दिवशी, तीनशे माणसांनी चुंबली होती.

दारात उभ्या असलेल्या थोरल्या बाईंना ते तीनशे ओठ आठवले. त्यांत त्यांचेही होते. त्यांनी पदराने तोंड पुसले, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि तरीही चव गेली नाही.

थोरल्या बाई हे त्यांचे नाव नव्हे. पण गेली चाळीस वर्षे दुसऱ्या नावाने हाक मारण्याची कोणाची छाती झाली नव्हती. चर्चसमोरच्या शिवणघरात त्या झग्यांवर भरतकाम करत, आणि त्यांच्या नजरेतून तिरपा टाका सुटत नसे, तसा तिरपा माणूसही.

"एकच पेटी उघडलीत?" त्यांनी विचारले.

"फादरनी थांबवलं मला," डॉक्टर म्हणाले.

तरुण फादर खुर्चीत बसले होते; चेहरा धुतलेल्या कापडासारखा. "बाकीच्यांत काय निघेल या भीतीनं, बाई. माझी हिंमतच झाली नाही."

"हिंमत कसली त्यात? उत्तर समोर आहे." हा आवाज विश्वस्तांचा. विश्वस्त म्हणजे थोरल्या बाईंचे जावई. इस्त्रीचा सदरा, बोलण्यात तूप, गळ्यातल्या सोन्याच्या लॉकेटशी बोटांचा सतत चाळा. "कपाटाची किल्ली एक. ती कुणाच्या गळ्यात असते? सिस्टरच्या. पेट्या कोण पुसतं? सिस्टर. मला वाईट वाटतं बोलायला, पण सत्य ते सत्य."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सिस्टरने मान वर केली नाही. बेचाळीस वर्षे ती हे वस्त्रघर सांभाळत होती. थोरल्या बाई आणि ती शाळेत एका बाकावर बसल्या होत्या.

"शनिवारी दुपारी गाडी येईल," फादर पुटपुटले. "वृद्ध सिस्टरांच्या आश्रमात सोय करू. पोलीस नकोत. गाजावाजा नको."

आश्रम दोनशे मैलांवर होता, आणि चोर म्हणून तिथे गेलेली बाई चोर म्हणूनच मेली असती. आज गुरुवार.

"सिस्टर, तुला काही बोलायचंय?" थोरल्या बाईंनी विचारले.

"नाही," सिस्टर म्हणाली. एवढेच. जावयांनी सुटकेचा सुस्कारा टाकला, आणि तो थोरल्या बाईंनी ऐकला.

२

दुपारी त्यांनी वस्त्रघराचा ताबाच घेतला. फादरना समोर बसवले, डॉक्टरांना शेजारी.

"फादर, या पाच जणी कोण, ते सांगता येईल?"

"म्हणजे काय? संत कॅथरीन."

"पाचही जणी?"

"पाचही जणी. वेगवेगळ्या काळांतल्या." फादर जरा सावरले, परीक्षेत पाठ असलेला प्रश्न आल्यासारखे. "पहिली चौथ्या शतकातली. पन्नास विद्वानांना वादात हरवणारी. तिला चाकावर मारायला नेलं, तर चाकच मोडलं. मग तलवारीनं मारलं. दुसरी चौदाव्या शतकातली, कापड रंगवणाऱ्याची मुलगी. हिनं पोपना खडसावणारी पत्रं धाडली. तिसरी पंधराव्यातली, मठात चित्रं काढणारी. चौथी इस्पितळात प्लेगच्या रोग्यांची सेवा करणारी, नवरा उधळ्या होता तिचा. पाचवी एकोणिसाव्यातली. तिला देवमातेचं दर्शन झालं, पदक घडवायची आज्ञा झाली, आणि मग चाळीस वर्षं ती म्हाताऱ्यांची सेवा करत राहिली. शेजारच्या खाटेवरच्यालाही पत्ता नव्हता की ती हीच."

"आमच्याकडे त्यांना चाकवाली, रंगाऱ्याची लेक, चित्रकार, इस्पितळवाली आणि पदकवाली म्हणतात," थोरल्या बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "नाहीतर 'कॅथरीन' म्हणून हाक मारली तर पाचजणी ओ देतील."

"पेट्यांवर काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारले.

"पाचांवरही नुसतं 'संत कॅथरीन'. ज्या जुन्या फादरांनी या अस्थी जमवल्या, ते म्हणायचे, देवाला आडनाव लागत नाही. देवाला लागत नसेल. आम्हांला लागलं असतं तर बरं झालं असतं."

"मग ओळखायच्या कशा?"

"खणांवरून. डावीकडचा चाकवालीचा, मधला रंगाऱ्याच्या लेकीचा. पेटीच्या मागच्या कडीला धागाही बांधलेला असतो, समोरून दिसत नाही तो. चाकवालीच्या लाल, बाकीच्यांच्या पांढरा. आत रेशीमही तसंच. रक्त सांडून मेली तिला लाल, बाकीच्यांना पांढरं. चर्चचा नियमच आहे तो. हुतात्म्याच्या दिवशी फादर लाल झगा घालतात, इतरांच्या दिवशी पांढरा."

"गेल्या महिन्यात मात्र सिस्टरनी पांढऱ्याच्या दिवशी माझ्यासाठी लाल काढून ठेवला होता," फादर कटुतेने म्हणाले. "लोकांसमोर शोभा झाली. मी विचारलं, तर म्हणाल्या, 'मी चुकत नसते.' हा अहंकार नाही तर काय?"

थोरल्या बाईंनी ते ऐकून घेतले. मग टेबलावरची पेट्यांची नोंदवही ओढली. तीन वर्षांपूर्वी जुन्या फादरांच्या समोर पाचही पेट्या उघडून तपासल्याची नोंद तिथे होती. खाली सिस्टरची सही आणि थोरल्या बाईंचीही, कारण नवे रेशीम त्यांनीच कापून बसवले होते. त्या दिवशी पाचही हाडे माणसांची होती, याची त्या शपथ घेऊ शकत होत्या. म्हणजे पाप त्यानंतरचे.

"मधली पेटी, रंगाऱ्याच्या लेकीची," त्यांनी वाचले. "तीन वर्षांत चर्चबाहेर एकदाही नाही. कपाटातून वेदीवर, वेदीवरून कपाटात."

"तेच तर," फादर हताशपणे म्हणाले. "जी पेटी बाहेरच गेली नाही, तिच्यात हात घालणार कोण? सिस्टरशिवाय?"

थोरल्या बाईंनी ताटलीतला लाल रेशमाचा तुकडा बोटाने उलटला. त्यावर तुपकट डाग पडला होता. त्यांनी बोट झटकले. पण नजर तुकड्यावरून हलली नाही. कपाळावर हळूहळू आठी उमटली.

"फादर," त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत कपाटाला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा. किल्ली माझ्याकडे."

३

सुताराला त्यांनी त्याच्या दुकानातच गाठले. मार्चमध्ये त्यानेच कपाटाला पॉलिश केले होते, आणि कुजबुज त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"बाई, माझ्याकडे बघू नका," तो रंधा न थांबवता म्हणाला. "मी पाच रिकामे खण पाहिले आणि पाच रिकामे खण घासले. पेट्या फादरच्या तिजोरीत होत्या. सिस्टर ठेवून आल्या, सिस्टरच घेऊन आल्या."

"परत लावताना तू होतास?"

"होतो ना. संध्याकाळची वेळ, पॉलिशच्या वासानं डोकं भणभणलेलं. म्हटलं, सिस्टर, दिवा लावू? तर म्हणाल्या, 'बेचाळीस वर्षं लावतेय, दिवा कशाला?' कड्या बोटांनी चाचपून भराभर लावल्या त्यांनी." त्याने रंधा खाली ठेवला. "एक सांगू? मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आलो होतो ना चुंबायला, तेव्हा तोंड धुवून आलो होतो. यंदाही धुवून गेलो. कोंबडीसाठी."

तो थुंकायला बाहेर गेला. थोरल्या बाईंना त्याचा राग आला नाही.

फादरना त्यांनी बागेत विचारले. "मार्चमध्ये एक दिवस पेट्या तुमच्या तिजोरीत होत्या."

फादर पांढरेफटक पडले. "तुम्ही माझ्यावर…"

"मी सगळ्यांवर. तुमच्यावर संशय घेणं माझं काम आहे, राग मानणं तुमचं नाही. हाडांच्या डॉक्टरांना कुणी बोलावलं?"

"मीच. यात्रेकरूंसाठी प्रमाणपत्रं हवी होती."

"मग बसा निवांत. चोर स्वतःहून पंचनामा मागवत नसतो. आणि डॉक्टर यायच्या आधी कुणी तुम्हांला थांबवायचा प्रयत्न केला?"

फादर आठवू लागले. "थांबवलं असं नाही. विश्वस्त म्हणाले होते, पैसे वाया जातील. मग म्हणाले, तपासायच्याच असतील तर रंगाऱ्याच्या लेकीपासून करा, तिची ख्याती मोठी. दोन-तीन पाहिल्यावर डॉक्टरांना पुरे म्हणता येईल." ते ओशाळे हसले. "काटकसरी आहेत तुमचे जावई."

थोरल्या बाई हसल्या नाहीत. जावयाला पहिल्या खणापासून सुरुवात नको होती. का?

४

सिस्टर आपल्या खोलीत खाटेवर बसली होती. शेजारी बांधून ठेवलेले बोचके. बेचाळीस वर्षांचा संसार, एका हाताने उचलता येईल एवढा.

"बोलणार नाहीस?" थोरल्या बाईंनी विचारले.

"काय बोलू? मी नाही केलं, हे तुला माहीत आहे. बाकीच्यांना सांगून कोण मानतंय."

"जरा हा पदर टाचून दे. तुझ्या बाजूला रिळं ठेवलीत. लाल दे."

सिस्टरने हात पुढे केला, डावीकडचे रीळ उचलले आणि दिले. पांढरे होते.

 शिवणघरात थोरल्या बाई लाल रीळ नेहमी डावीकडे ठेवत. आज त्यांनी मुद्दाम जागा बदलली होती. स्वतःच्या मैत्रिणीला सापळा लावल्याची त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

सिस्टरला कळले. सुताच्या स्पर्शावरून नव्हे. थोरल्या बाईंच्या गप्प बसण्यावरून.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील." सिस्टरचा आवाज खाली गेला. "नजरेतला मधला भाग गेलाय. माणूस आला की कडा दिसतात, तोंड दिसत नाही. रंग तर सगळे राखेसारखे. डॉक्टर म्हणाला, परत यायचं नाही."

"आणि मार्चमध्ये तू पेट्या चाचपून लावल्यास."

"घाईत नुसता धागा लागतो बोटाला. रंग लागत नाही." तिने बोटे एकमेकांवर चोळली. "वाटलं होतं, बरोबर लावल्या. मग एप्रिलमध्ये मधली पेटी वेदीवर नेताना कडीचा धागा बोटाला राठ लागला. लाल धागा राठ असतो, रंगानं. मनात आलं, चूक झाली की काय. पण विचारू कुणाला? विचारलं की कळलंच."

"म्हणजे तुला ठाऊक होतं की पेट्या बदलल्या असतील."

"असतील! खात्री नव्हती. आणि कॅथरीनच्या जागी कॅथरीन गेली तर काय बिघडतं, असंही मनाला सांगितलं." सिस्टरने एकदम थोरल्या बाईंचा हात धरला. "हे बाहेर बोलू नकोस. चोर म्हणून घालवतायत, घालवू दे. वेळ आली की देव बघून घेईल. पण आंधळी म्हणून घालवलं तर ते बरोबरच ठरेल. मग मला भांडायलासुद्धा जागा राहणार नाही."

"वेडी आहेस तू."

"असेन. पण तू सांगितलंस, तर मी तुझं तोंड पाहणार नाही." आणि मग, जुन्या बाकावरच्या आवाजात: "तसंही दिसत नाहीच म्हणा."

थोरल्या बाई वस्त्रघरात परतल्या आणि नोंदवही पुन्हा उघडली. या वेळी चाकवालीच्या पानावर. मरणासन्न माणसाला सुखाचे मरण यावे म्हणून हिलाच हाक मारतात, म्हणून पाचांतली हिचीच पेटी घरोघर जात असे. तपासणीनंतरच्या तीन वर्षांत दोन नोंदी. पहिली निवृत्त शिक्षकांच्या घरची: "सिस्टर दिवसभर पेटीपाशी बसून होत्या."

दुसरी नोंद गेल्या वर्षी जुलैतली होती. पत्ता त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांच्या लेकीचा होता.

५

लेक स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. नवरा कामावर गेला होता.

"सासूबाईंच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांग," थोरल्या बाई बसता बसता म्हणाल्या.

"आता कशाला गं, आई?"

"सांग."

"सिस्टर पेटी घेऊन आल्या सकाळी. ह्यांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, घरचीच माणसं पुरेत. सासूबाईंना मी कोंबडीचं सूप केलं होतं, दोन चमचे घेतलं त्यांनी. वाडग्यातली हाडं मी बशीत काढून ठेवली. मग हे म्हणाले, मला आईसोबत एकट्यानं प्रार्थना करायची आहे." ती थबकली. "आणि चष्म्याचा छोटा पेचकस मागितला. म्हटलं, आत्ता? म्हणाले, काडी ढिली झालीय."

"झाली होती?"

"माहीत नाही. संध्याकाळी सासूबाईंनी पेटीला ओठ लावले. इतक्या शांत झाल्या, आई! म्हणाल्या, ती आली, हात धरून न्यायला आली. तासाभरात गेल्या."

थोरल्या बाईंनी पाण्याचा ग्लास घेतला, पण प्यायल्या नाहीत. 

"ते लॉकेट तेव्हापासूनचं?"

"हो. आईचे केस आहेत त्यात, म्हणतात. आंघोळीलाही काढत नाहीत. तो जमिनीचा खटला जिंकला ना, तेव्हा कोर्टाच्या पायरीवर हातात धरून उभे होते." लेक बोलता बोलता मंद होत गेली, चावी संपत आलेल्या घड्याळासारखी. "सासूबाईंच्या डोक्यावर केसच नव्हते. औषधांनी गेले होते सगळे."

हातातली शेंग तशीच राहिली.

आपलेच दात, आपलेच ओठ. थोरल्या बाईंना या क्षणी उठून घरी जाता आले असते. सिस्टर स्वतःच गप्प होती. जावई पुन्हा असे करणार नव्हता. लेकीचा संसार शाबूत राहिला असता. एवढेच झाले असते की शनिवारी एक म्हातारी गाडीत बसली असती.

त्यांनी लेकीला सगळे सांगितले. एकही शब्द मऊ केला नाही.

लेक उठली, शेगडीवरचे भांडे उतरवले, गॅस बंद केला. "सूप मी केलं होतं," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "ती बशी मीच ठेवली होती त्यांच्या हाताशी. माझ्या सासूनं मरताना माझ्या सुपातल्या हाडाचा मुका घेतला."

"मी उद्या सगळ्यांसमोर बोलणार आहे. तू नको म्हणालीस तरी."

"मी कुठे नको म्हणतेय?" लेक वळली. "फक्त सकाळी नऊच्या आधी बोलू नकोस. मला बॅग भरायला वेळ लागेल."

६

शुक्रवारी दहा वाजता वस्त्रघरात पाच माणसे होती: फादर, डॉक्टर, सिस्टर, जावई आणि कपाटाची किल्ली हातात घेतलेल्या थोरल्या बाई.

"फादर, काल तुम्ही एक गोष्ट बरोबर सांगितलीत," त्यांनी सुरुवात केली. "रंगाऱ्याच्या लेकीची पेटी बाहेर गेलेलीच नाही. म्हणून दोष सिस्टरचा. पण हे रेशीम बघा. रंग कोणता?"

"लाल."

"हे मी कापलेलं आहे. कड माझ्या हातची आहे. आणि मी आयुष्यात लाल तुकडा एकच कापला, चाकवालीसाठी. रंगाऱ्याची लेक आजारानं मेली, तिला लाल कोण देईल? तेव्हा मधल्या खणात काल जी पेटी होती, ती रंगाऱ्याच्या लेकीची नव्हतीच. चाकवालीची होती. साप एका बिळात, आणि तुम्ही भुई धोपटताय दुसरीकडे."

"पण खण तर…" फादर म्हणाले.

"डॉक्टर, डावीकडची उघडा."

चार बारीक स्क्रू निघाले. झाकणाखाली पांढरे रेशीम होते, आणि त्यावर शेंगदाण्याएवढे पिवळट शकल. डॉक्टरांनी भिंग लावले. शकल दोनदा उलटून पाहिले.

"माणसाचं," ते म्हणाले. "बोटाच्या पेराचं."

"ही रंगाऱ्याची लेक. सुखरूप आहे," थोरल्या बाई म्हणाल्या. "या दोघींची अदलाबदल मार्चमध्ये झाली, पॉलिशनंतर. म्हणजे त्याआधी चाकवालीची पेटी जिथे गेली, तिथे हाड बदललं. ती दोन घरी गेली. एका घरी सिस्टर दिवसभर समोर बसून होत्या. दुसऱ्या घरातून त्यांना परत पाठवलं गेलं. त्या घरात त्या दिवशी कोंबडीचं सूप होतं, आणि एक चष्म्याचा पेचकस."

जावयांचा हात लॉकेटवरून खाली आला.

"आई, तुम्ही काय बोलताय याचं भान आहे?" त्यांच्या बोलण्यातले तूप थिजले. "आणि पेट्यांची अदलाबदल झाली कशी? कुणी केली? सगळा डोलारा त्यावर उभा आहे तुमचा."

सिस्टरने डोळे मिटले. थोरल्या बाईंनी तिच्याकडे पाहिले. ती पाहू शकत नव्हती, तरी मान हलवून नको म्हणाली.

"सिस्टरनी केली," थोरल्या बाई म्हणाल्या. "तिला लाल आणि पांढरा वेगळा दिसत नाही. तिला काहीच धड दिसत नाही. म्हणून झगा चुकला, म्हणून पेट्या चुकल्या. हा तिचा अपराध. एवढाच."

सिस्टरने हात मागे घेतला, थोरल्या बाईंच्या हाताशेजारून. 

"जावईबापू, लॉकेट."

"माझ्या आईचे केस आहेत त्यात!"

"तुमच्या आईला शेवटी केस नव्हते. माझ्या लेकीनं सांगितलं. ती बाहेर बसलीय, बॅग घेऊन. हवं तर आत बोलावते."

ते दाराकडे वळले. डॉक्टर दारात उभे होते. म्हातारे होते, पण रुंद. अखेर जावयांनी साखळी स्वतःच काढली. लॉकेटची खिट्टी उघडली. आत कापूस, कापसात तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे शकल, वर्षभराच्या घामाने तपकिरी पडलेले.

"माणसाचं," डॉक्टर पुन्हा म्हणाले. या वेळी जणू माफी मागत.

"काय बिघडलं?" जावई एकाएकी मोठ्याने बोलू लागले. "बघितलं का कुणी? पेटी बंद! लोक श्रद्धेनं येतात, श्रद्धा घेऊन जातात. आत हाड असो, खडा असो! मला गरज होती. खटला माझा होता, पोरांचं भविष्य माझं होतं. आईला काय फरक पडला? ती शांतच गेली ना?"

थोरल्या बाईंना त्या क्षणी राग आला नाही. रागाला समोर माणूस लागतो. त्यांना किळस आली; ओल्या भिंतीवरचे काही हाताला लागावे तशी.

"म्हणूनच तर मला इतकं घाण वाटतं," त्या हळू म्हणाल्या. "ती शांत गेली. फसलेली, आणि शांत. आणि तू काल इथेच उभा राहून वड्याचं तेल वांग्यावर काढलंस. एका आंधळ्या बाईला दोनशे मैलांवर धाडत होतास, आणि सुस्कारा सोडलास. मी ऐकला तो. चोरी एक वेळ माफ होईल. तो सुस्कारा नाही होणार." मग फादरकडे वळून: "यांचा राजीनामा इथे, आत्ता. पुढचं तुमचं आणि कार्यालयाचं. माझ्या लेकीचं तिचं ती ठरवेल."

जावई कागदावर सही करता करता थांबले. ओठ वाकडे झाले. "आणि ही? आंधळ्या बाईच्या हातात पवित्र वस्तू ठेवणार का, फादर? विचारा की तुमच्या थोरल्या बाईंना."

फादर सिस्टरकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर थोरल्या बाईंना जे दिसले, ते त्यांना मुळीच आवडले नाही: त्यांना तो प्रश्न पटला होता.

७

"सिस्टर, मला माफ करा," फादर दुपारी म्हणाले. "चोरीचा कलंक गेला. पण वस्त्रघर… झगे, पेट्या… तुम्हीच सांगा, कसं जमेल?"

"जमणार नाही," सिस्टर म्हणाली. तिचे बोचके अजून बांधलेलेच होते. थोरल्या बाईंकडे तिने तोंडही वळवले नव्हते.

"मी विचारलं नाही जमेल का म्हणून," थोरल्या बाई म्हणाल्या. "फादर, उद्याची गाडी परत पाठवा. मला सोमवारपर्यंत वेळ द्या. सोमवारी तिनं एक जरी चूक केली, तर मी स्वतः तिला आश्रमात सोडून येईन."

"तुला कुणी सांगितलंय?" सिस्टर फणकारली.

"मला कुणी सांगावं लागत नाही."

फादरनी सोमवार दिला. त्यांना दुसरा पर्यायही नव्हता; थोरल्या बाई उंबऱ्यातून हलत नव्हत्या.

शनिवारी आणि रविवारी शिवणघरात दिवसभर सुया चालल्या. प्रत्येक झग्याच्या आतल्या काठावर, प्रत्येक वेदीकापडाच्या कोपऱ्यात जाड सुताच्या उठावदार गाठी बसवल्या गेल्या: पांढऱ्यावर एक, लालवर दोन, जांभळ्यावर तीन, हिरव्यावर चार. पेट्यांच्या कड्यांवरचे जुने धागे तोडून त्यांवरही नवे सूत बांधले, पाचही जणींना वेगवेगळ्या गाठींनी. देवाला आडनाव लागत नसले तरी. लेक शेजारी बसून कापत होती. रात्री तिला झोप लागत नव्हती, तरी दिवसा तिची कात्री चुकत नव्हती.

उरलेल्या तिन्ही पेट्याही उघडल्या; त्या खऱ्याच निघाल्या. चाकवालीचे शकल डॉक्टरांनी शुद्ध पाण्याने धुऊन, कार्यालयाच्या शिक्क्यासह परत पेटीत ठेवले. जुने लाल रेशीम थोरल्या बाईंनी चिमट्याने उचलून शेगडीत टाकले. फादर म्हणाले, जपून ठेवू या, पुरावा आहे. थोरल्या बाई म्हणाल्या, पुरावा माझ्या लेकीच्या डोळ्यांत आहे, तेवढा पुरे. नवा लाल तुकडा त्यांनी कापला, पण पेटीला ओठ लावायला मात्र त्या गेल्या नाहीत. पुढे कधी जातील, हे त्यांनाही माहीत नव्हते.

सोमवारी सकाळी फादर उलटतपासणीच्या तयारीनेच वस्त्रघरात आले; शिवणघरातल्या बायकाही सुया-कात्र्या घेऊन तिथे बसल्या होत्या. "हुतात्म्याचा दिवस," ते म्हणाले. सिस्टरने खण उघडला, काठांवरून बोट फिरवले, लाल झगा काढून दिला. "साधा दिवस." हिरवा. "चित्रकार कॅथरीन." तिने पेटी आणली, तीच. फादरनी आणखी तीन वेळा विचारले, शेवटी तर तिला चकवायला दोन कापडे एकावर एक ठेवून. ती चुकली नाही.

"आता उपासकाळाचं जांभळं," फादर म्हणाले.

सिस्टरने घडी उचलली, कोपरा चाचपला आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा चाचपला. थोरल्या बाई पुढे झुकल्या.

"ही कुणी बसवली?" सिस्टरने विचारले. शुक्रवारच्या फणकाऱ्यानंतरचे तिचे हे पहिले वाक्य होते थोरल्या बाईंना उद्देशून.

"मी."

"इथे दोनच गाठी आहेत. हे कापड लोकरीचं, जड. जांभळं आहे, मला वजनावरून कळतं. रेशमात तसं कळत नाही, म्हणून तर चुकले. इथे तीन पाहिजेत." तिने घडी थोरल्या बाईंच्या मांडीवर टाकली. "उसव."

शिवणघरातल्या बायकांनी सुया खाली ठेवल्या. लेकीच्या हातातली कात्री थांबली.

थोरल्या बाईंनी चष्मा लावला, सुई घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी सांगण्यावरून स्वतःचा टाका उसवायला बसल्या.